चुन्याची एकच भिंत

माय, तुझ्या न्हाणीच्या जागी मी बाथरूम बांधलं. शाळेतून रिटायर झाले, हिंगोलीतलं घर बंद केलं आणि डोंगरकडा गावच्या आपल्या शेतात राहायला आले, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. एकटी राहते म्हणून तुझ्या नातीचा जीव खालीवर होतो. ती पुण्यात असते, रोज फोन करते, आणि किती दिवस तिचं एकच चाललं होतं, आई, तुझं बाथरूम फार्महाऊस स्टाईलचं करू. आता मला सांग, शेतात घर आहे म्हणजे ते फार्महाऊसच झालं की, त्याला आणखी कसली स्टाईल? पण नाही. ती मोबाइलवर फोटो पाठवायची. एकात भिंतीला कमरेपर्यंत पांढऱ्या लाकडी फळ्या, एकात विटांसारख्या बारक्या पांढऱ्या टाइल्स, एकात मुद्दाम खडबडीत ठेवलेला गिलावा, आणि कोपऱ्यात पत्र्याची जुनी बादली, तिच्यात फुलं. बादलीत फुलं ठेवल्यावर आंघोळ कशानं करायची ते मात्र कुणी विचारायचं नाही.

कामाला हट्टा गावचे मिस्त्री होते. वयानं माझ्याएवढेच, दाढी पांढरी, मला ताई म्हणतात आणि दिवसातून एकदा तरी माझ्याशी भांडतात. फळ्यांचा फोटो बघून ते म्हणाले, "न्हाणीत लाकूड? ताई, वाळवीला दावत द्यायची का?" ते मला पटलं. मग टाइल्स बघायला हिंगोलीला गेले. दुकानदारानं एक चकचकीत पांढरी टाइल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "काकू, बिनधास्त घ्या. आपल्याकडं हळदीचाच मोठा ताप, पण हिच्यावर हळद सांडू द्या नाहीतर तेल, ओलं फडकं मारलं की झालं. डाग राहतच नाही." ते ऐकलं आणि मी टाइल त्याच्याकडं परत सरकवली. बघते म्हणाले आणि निघाले. एस.टी.त रडले, माय. शेजारच्या बाईनं विचारलं, काही तकलीफ आहे का? टाइलवर डाग राहत नाही म्हणून रडते, असं कोणत्या तोंडानं सांगू तिला?

तुझी न्हाणी म्हणजे घरामागं दगडमातीच्या तीन भिंती, वर आभाळ, पुढं तरटाचा पडदा आणि खाली घासून घासून गुळगुळीत झालेला दगड. दिवाळीला तू भिंतींना चुना द्यायचीस. मग हळदीचे दिवस यायचे. हळद खणायची, कढईत शिजवायची, अंगणात वाळवायची, मग पॉलिशसाठी ढोलात घालून फिरवायची, आणि त्या ढोलाच्या धुराळ्यात माणसं पापण्यांपर्यंत पिवळी व्हायची. संध्याकाळ झाली आहे, तू न्हाणीत बसली आहेस, मी गरम पाण्याची चरवी घेऊन उभी आहे. गुडघे धरायचे तुझे. दगडावरून उठताना तू कण्हतेस, डाव्या भिंतीला हात टेकतेस, आणि तुझ्या ओल्या पिवळ्या हाताखाली ती पांढरीशुभ्र भिंत लाल होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बोंबलले होते, "माय, रक्त!"

तू हसलीस. "काहून बोंबलून राहिलीस? हळदीला चुना लागला की लाल होतंय बाई. कुंकू असंच करतेत." मग भिंतीवरल्या त्या हाताकडं बघत, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं इतक्या सहज म्हणालीस, "माझ्या कपाळाचं गेलं ते भिंतीला आलं, दुसरं काय." बाबा मला आठवतही नाहीत, इतक्या लवकर गेले. तुझं कपाळ मी भरलेलं कधी पाहिलंच नाही. मला त्यातलं काय कळणार! मी धावत जाऊन हळदीच्या ढिगात पंजा घोळवून आले आणि तुझ्या हाताशेजारी माझा उमटवला. असा रट्टा घातलास की कळवळले. वर त्याच ओल्या अंगानं काथ्या घेऊन माझा पंजा भिंतीवरून घासून काढलास, पार चुन्यासकट. "तुझं न्हाई इथं. तुझं कपाळावरच राहू दे." मला एवढंच समजलं की माझा हात तुला तुझ्याजवळ नको आहे. मी रुसून जेवले नाही. मग तूच गूळ-शेंगदाणे माझ्या मुठीत कोंबलेस, खाय माझी बाई म्हणालीस, आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. तुझ्या लुगड्याला हळदीचा वास येत होता. तो वास आता अख्ख्या शेतात आहे, पण तुझा म्हणून जो होता तो नाही सापडत.

भिंतीवरचे ते हात उन्हानं उडत जायचे. पोळ्यापर्यंत फिकट व्हायचे, दिवाळीला त्यांच्यावर चुना बसायचा, आणि पुढल्या हळदीला नवे उमटायचे. ते जपून ठेवायची गोष्ट आहे असं कुणाच्या मनात येणार? तू गेलीस ती हळद पॉलिश झाल्या झाल्या, चैत्रात. मी सासरहून आले, घरात बायकांच्या गराड्यात बसून राहिले. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून काकांनी सगळं घर चुना देऊन घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण मी न्हाणीत गेले तर डावी भिंत कोरी करकरीत. तुझा फोटो नाही, माय. एकही नाही. होतं ते तेवढंच होतं.

म्हणून मी पोरीला सांगितलं, तीन भिंतींना तुझ्या टाइल्स लाव, डाव्या भिंतीला चुना. ती म्हणाली, "आई, चुना? हळदीच्या दिवसांत त्या भिंतीचं काय होईल?" म्हटलं, तुझ्या फोटोतला गिलावा असाच तर दिसतो, फार्महाऊस स्टाईल! हसून कबूल झाली. मिस्त्री मात्र ऐकेनात. "ताई, मेरी सुनो. पाण्याजवळ चुना टिकत न्हाई, दरसाल द्यावा लागंल. आन् हळदीचा हात लागला की भिंत लाल होऊन जाईल."

"होऊ द्या."

"मग मागाहून मला बोलायचं न्हाई."

"नाही बोलत."

शेवटी त्यांनी ड्रममध्ये चुना भिजत घातला. तो खदखदून निवला, मग गाळून भिंतीला हात दिला. छान लावला, भांडत भांडत.

आज हळद पॉलिश झाली. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, माझं तिथं काही काम नाही, तरी दिवसभर ढोलाजवळ बसून हळकुंडं निवडली. पार पिवळी झाले. माझे हे गेले तेव्हा मी टिकली काढायला निघाले होते, तुझ्या नातीनंच काढू दिली नाही. अजून लावते. कुणी काही म्हणत नाही आता. तुझ्या वेळी तुला असं कुणी अडवलं असतं तर! संध्याकाळी आंघोळीला बसले. उठताना डावा हात भिंतीला टेकला, आणि हाताखाली भिंत लाल झाली. मी तशीच उभी राहिले. आता तुला घासून काढायचं काही कारण नाही, माय. आता चालतं. तरी वाटलं, मागून यावंस आणि एक रट्टा घालावास.

जेवताना पोरीचा व्हिडिओ कॉल आला. भिंत दाखव म्हणाली, दाखवली. "आई! लगेच लाल केलीस?" म्हटलं, काय करू, गुडघे धरतात, हात टेकावा लागतो. तिचा चेहराच उतरला. पुढच्या खेपेला येईन तेव्हा तिथं धरायला स्टीलची दांडी बसवते म्हणाली. बरं म्हणाले. हा कागद कुठं पाठवायचा तर नाहीच, म्हणून तिला नाही सांगितलं ते तुला सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत.