सहा ऑगस्टचा फळा

गुरुजी, आज सहा ऑगस्ट. सकाळी भाकरी थापत होते तेव्हा मोबाईल वाजला. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक ग्रुप काढलाय, त्यावर तुमच्या आठवणीत रोज दिनविशेष टाकतात. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. जमैका स्वतंत्र झाला. पेनिसिलिन शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचा जन्म. बंगालच्या एका थोर पुढाऱ्याचं निधन. खाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले होते. मी जोडले नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर आता पुष्कळ वर्षं झाली. पण माझा तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही. तो एकदा लिहून काढावा म्हणून बसले आहे.

तुम्हाला तारखांचं वेड होतं. शाळेच्या पडवीत दाराशेजारी तो छोटा फळा होता, त्यावर रोज सकाळी तुम्ही तुमच्या निळ्या वहीतून उतरवून घ्यायचा. वर तारीख, खाली तीन रकाने: घटना, जन्म, मृत्यू. जगातल्या कुठल्या राजाला कधी फाशी दिली ते तुम्हाला तोंडपाठ, आणि आमच्या जन्मतारखा मात्र तुम्ही सगळ्यांच्या एकच लावल्या, एक जून. शाळेत नाव घालायला आई मला घेऊन आली तेव्हा ती सांगत होती, "भात पोटरीला आलं हुतं बघा, गुरुजी, आणि आदल्या दिवशी आमची म्हस व्याली हुती." तुम्ही हसलात. "ही काय तारीख झाली का, बाई?" म्हणालात आणि एक जून लिहिलंत. पंचांग समोर टेबलावर होतं. दोन प्रश्न आणखी विचारले असते तर निदान महिना तरी खरा लागला असता. मी आज पंचायतीत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या टेबलावर बसते. म्हातारी माणसं येतात, अशीच काहीबाही खूण सांगतात, आणि मी विचारत बसते. कधी अर्धा तास जातो. तारीख सापडते, गुरुजी. बहुतेक वेळा सापडते.

फळा वाचायचं काम तुम्ही मला दिलं होतं, कारण माझा आवाज मोठा होता. मला त्याचा अभिमान होता, हे खोटं कशाला बोलू? चौथीत होते. त्या साली कुंपणासाठी फांद्या तोडताना बाच्या पायात कोयता बसला. हळद भरली, फडकं बांधलं, दोन दिवस तसाच चिखलात लावणीला उतरला. मग पाय मांडीपर्यंत सुजला आणि ताप चढला. सहा ऑगस्टला सकाळी काका आणि आणखी तिघं त्याला कांबळ्याच्या झोळीत घालून रस्त्याला काढणार होते, तिथून मिळेल त्या ट्रकनं रामनगरला दवाखान्यात. आई म्हणाली, "गुरुजीस्नी सांगून ये पळत, आज येत न्हाई म्हणून." मी पळत आले. तुम्ही हाताचा खडू पुसत उभे होता. मी म्हणाले, "गुरुजी, बाला दवाखान्यात नेत्यात. मी घरला जाऊ?"

"जा. पण आधी फळा वाच."

मी वाचला. मग तुम्ही अणुबॉम्बबद्दल सांगायला लागलात. किती माणसं एका क्षणात गेली, सावल्या कशा दगडावर राहिल्या. तुम्ही फार छान सांगायचा. मी दारात उभी. मधेच निघावं तर तुमची छडी आठवायची. तुम्ही मान हलवलीत तेव्हा मी सुटले. घरी आले तर झोळी निघून गेली होती. पावसातून मागं धावत सुटले. ओढ्याला पाणी इतकं चढलं होतं की माणसं अलीकडच्या काठालाच झोळी खाली ठेवून बसली होती. काकानं मला लांबूनच हातानं थांबवलं. "आता नगं, बाय," एवढंच म्हणाला. नंतर कधीतरी तो आईला सांगत होता ते मी ऐकलं, की बा शेवटी दोनदा माझं नाव घेऊन "आली का?" विचारत होता.

पेनिसिलिन म्हणजे काय ते मला फार पुढं कळलं. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं, तसल्या जखमेला वेळेत इंजेक्शन मिळालं असतं तर माणूस वाचायचा. मी तुमच्या फळ्यावरून ते औषध शोधणाऱ्याचा जन्म मोठ्या आवाजात वाचून दाखवत होते आणि बा ओढ्याच्या वाटेला लागला होता. ओढा तुम्ही भरला नव्हता. ते मला कळतं. मी तुमच्या माथी ते घालत नाही. मला जे घालायचं आहे ते पुढच्या वर्षाचं आहे.

पुढच्या वर्षी सहा ऑगस्टची मी वाट बघत होते. तुमच्या वहीत दर साली तेच असायचं, त्यामुळं फळ्यावर काय येणार ते मला पाठ होतं. मी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. तुम्ही फळा लिहून आत गेला होता. मृत्यूच्या रकान्यात त्या बंगालच्या पुढाऱ्याच्या खाली जागा होती. तिथं मी बाचं नाव लिहिलं, आडनावासकट. चांगल्या अक्षरात लिहिलं. मग प्रार्थना झाली, तुम्ही मला वाचायला सांगितलंत, आणि मी शेवटची ओळही वाचली.

आता डोळे मिटले तरी तुम्ही पडवीत येताना दिसता. तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांसमोर शांतपणे विचारलंत, "हा कोण?"

"माझा बा."

"काय केलं त्यानं?"

मला वाटलं खरंच विचारताय. म्हणून मी सांगितलं, "शेती करायचा. रानात कामाला जायचा."

पोरं हसली. तुम्हीही हसलात, गुरुजी. मग ओलं फडकं घेऊन ती एक ओळ पुसलीत आणि म्हणालात, "हा फळा इतिहासाचा आहे. रोज कोणी ना कोणी मरतं. वाच पुन्हा पहिल्यापासून." मी पुन्हा वाचलं. हिरोशिमा, जमैका, शास्त्रज्ञ, पुढारी. फळ्याची ती जागा अजून ओली होती.

संध्याकाळी शेतात आईला सांगितलं. ती वाकून तण काढत होती, वर न बघता म्हणाली, "शिकलेला माणूस हाय, त्यास्नी म्हाईत आसंल." थोड्या वेळानं विचारलं, "आणि त्येच्या वर कुणाचं नाव हुतं?" मी म्हणाले, बंगालचा मोठा पुढारी. आई म्हणाली, "त्याला बी पोरं आसतील." मला त्या वेळी तिचाही राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी फळा वाचला नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि तुम्ही लगेच दुसऱ्या मुलीला उभं केलंत.

पुढं एकदा रामनगरच्या बसस्टँडवर भेटलात. निवृत्त झाला होता, हातात भाजीची पिशवी. मी इतकी वर्षं मनात वाक्यं रचली होती. तुम्ही मला ओळखलंत आणि खूश झालात. "तू फळा वाचायचीस ना? काय आवाज होता तुझा. का गं सोडलंस मधेच?" तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. साऱ्या दुनियेच्या तारखा आठवणाऱ्या माणसाला ते आठवत नव्हतं. मी काय म्हणाले असेन? "घसा बसला हुता, गुरुजी." आणि वाकून पाया पडले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण तुम्ही गेल्यावरची एक गोष्ट आहे, ती मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. तुमच्या मृत्यूची नोंद आमच्याच पंचायतीत झाली होती, म्हणून तुमचा मुलगा दाखला न्यायला माझ्या टेबलाशी आला होता. गरीब स्वभावाचा वाटला. आईच्या पेन्शनचं अडलंय म्हणाला. दाखला सहीशिक्क्यासकट माझ्या खणात तयार होता. मी म्हणाले, "अजून सही व्हायची हाय, उद्या या." तो दोन बस बदलून दुसऱ्या दिवशी आला, पुन्हा तेच सांगितलं. असं चार दिवस. चौथ्या दिवशी तो बाकावर बसून भिजलेलं डोकं रुमालानं पुसत होता, मी समोर बसून डबा खात होते, आणि मला बरं वाटत होतं.