धुक्यात दिसलेली काळी छाती

मी, देल्फिना तितुआन्या, वय सत्तावीस, राहणार किंदेपांबा, पिचिंचा डोंगराचा पश्चिम उतार, माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. येत्या मंगळवारी कीतो शहरात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारले, तिन्ही वेळा तेच म्हणाले. माझी बुद्धी शाबूत आहे व मला कोणी भरीस घातलेले नाही. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, त्यामुळे यातल्या चुकांना मीच जबाबदार.

१. माझी खोली, पलंग व दोन्ही लोकरी पोंचो धाकटी बहीण रोसाउरा हिला. खिडकीबाहेरची फुशियाची झुडपे खोलीचाच भाग समजावीत. ती छाटू नयेत.

२. चुलतभाऊ नेप्ताली याने माझे गमबूट नेले आणि डावा फाडून परत आणले. मी माफ केले आहे. उजवाही त्यालाच द्यावा.

३. हमिंगबर्डांच्या साखरपाण्याच्या बाटल्या एर्मेलिंदा आत्याकडे राहतील, पण एका अटीवर. चार वाट्या पाण्याला एक वाटी पांढरी साखर, रंग नाही, गूळ तर मुळीच नाही. आत्याचे म्हणणे, “आपण गूळच खातो ना? मग यांना साखर कशाला, ही काय गव्हर्नरची पोरं?” हा वाद आठ वर्षांचा आहे. आत्या, माझ्यानंतर तरी ऐक. गुळाने त्यांना अपाय होतो.

४. दुर्बीण रोसाउराला. वापरण्याबाबत सूचना: रंगावर आधी विश्वास ठेवू नकोस. हमिंगबर्डांच्या गळ्याचा झळाळ उन्हाचा असतो, पिसांचा नव्हे. मान वळली की हिरवा पक्षी काळा होतो. कपाळ पिवळे दिसले तर नवी जात सापडली म्हणून धावत येऊ नकोस, तो फुलातला पराग असतो. मी धावत आले होते. जांभळ्या कानाचे दोन आहेत. मोठ्याचा जांभळा पट्टा हनुवटीखालूनही जातो आणि पोटावर निळा डाग असतो, छोट्याचा पट्टा कानाशीच थांबतो. पक्षी बसेपर्यंत थांबावे. आधी चोचीची लांबी, मग आकारमान, मग शेपटी, आणि रंग सर्वांत शेवटी.

५. माझ्या एकोणीस वह्या रोसाउराला. शेवटच्या वहीत एका पक्ष्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तो फुशियावर येतो, दोन बारीक टिचक्यांसारखा आवाज काढतो आणि मला पाठच दाखवतो. मला वाटते मादी असावी, पण कोणाची? तुला कळले तर लिही. मला फार उत्सुकता आहे, आणि ती कोणाला द्यायची ते कलमांत बसत नाही.

६. हे कलम गावसभेत वाचून दाखवावे. बारा वर्षांपूर्वी, जून महिन्यात, वरच्या रानात धुके असताना मी आणि बाबांनी एक पक्षी पाहिला. मी पुस्तक उघडून सांगितले की हा काळ्या छातीचा हमिंगबर्ड, अतिशय दुर्मीळ. ते गावसभेच्या वहीत लिहिले गेले आणि त्या नोंदीवरून सभेने वरचे रान गुरांसाठी बंद केले. बाबांनी फाटकावर त्या पक्ष्याचे चित्र लावले. शेजारचे आर्सेसिओकाका आजही म्हणतात, “बोटभर पाखरापायी माझ्या चौदा गाई उपाशी.”

आम्ही पाहिलेला पक्षी बहुधा काळ्या छातीवाल्याचा नातलग होता, लांब चोचीचा हिरवा. दोघांच्याही पायांवर पांढऱ्या कापसाच्या विजारीसारखी पिसे असतात, दोघेही शेपटीखाली जांभळे. उन्हाविना हिरवी छाती काळी दिसते हे मला तेव्हा माहीत नव्हते. नंतर कळले, तरी मी सात वर्षे गप्प राहिले. काळ्या छातीचा मला पुन्हा कधीच दिसला नाही. नोंद खोडावी. रान मात्र राखावे अशी विनंती. तिथे मी एकोणतीस जाती खात्रीने मोजल्या आहेत.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर मी बाबांना, म्हणजे एलिसेओ तितुआन्या यांना, वाचून दाखवला. ते कणसे सोलत होते. सहाव्या कलमानंतरही सोलत राहिले. मग म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं. चोच लांब होती त्याची.”

मी विचारले, मग बोलला का नाहीत?

“आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी पुस्तक उघडून काही सांगत होतं. मी मधे कसा बोलू?” पुढचे कणीस उचलून त्यांनी विचारले, “आणि हे वाचायचं कधी?”

माझ्यानंतर, असे मी सांगितले.

“म्हणजे तू सुटलीस. आर्सेसिओसमोर उभं कोण राहणार? मी?”

सबब कलम सहा मी माझ्या हाताने रद्द करते. रविवारी गावसभा आहे. नोंद मी स्वतः खोडेन, रानाची विनंतीही मीच करीन, आणि जे म्हणतील ते ऐकून सोमवारची बस पकडेन. बाकी कलमे कायम.

सही: देल्फिना तितुआन्या
किंदेपांबा, गुरुवार, ९ मार्च २०२३

साक्षीदार १: फ्लोरेसमिला आन्दांगो, शिक्षिका
साक्षीदार २: आर्सेसिओ कालूग्युल्यिन, पशुपालक. यांनी फक्त माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही. रविवारी पहिल्या रांगेत बसा अशी विनंती मी त्यांना केली आहे.