चार्जिंगच्या भोकातला कापूस

चि. विवेक यास मामाचे आशीर्वाद.

देवाच्या कृपेने इकडे सगळं बरं आहे. मामीचा गुडघा डॉक्टरांच्या मते बरा आहे, तिच्या मते नाही, आणि घरात तिचंच मत चालतं. तुला जेवायला वेळ होत नाही असं सीताताई सांगत होती. जेवत जा.

पत्राचं कारण असं, की परवा फोनवर तू हसत म्हणालास, चार्जिंगच्या भोकातून आता नुसता करंट जातो, वायरने फाईल कोण घेतं? तुमच्या कंपनीच्या नव्या फोनातून ती सोयच काढावी असं टिपणही तू लिहितो आहेस. ते पाठवण्याआधी हे वाच.

आपले लक्ष्मणराव (लहानपणी तुझा कान धरून तुला देवळाबाहेर काढणारे, तेच) दरवर्षी कोजागिरीपासून महिनाभर पहाटे देवळात काकडा म्हणतात. यंदा गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. कोजागिरी जवळ आली, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी ठरवलं, काकडा होईल आणि त्यांच्याच आवाजात होईल. मागच्या वर्षीचा सगळा काकडा माझ्या फोनात होता. देवळाच्या भोंग्याच्या मशीनला मात्र पेन ड्राइव्हच चालतो.

तू सांगितलंस तसं आधी हवेतून पाठवून पाहिलं. (गावात हवा भरपूर आहे, नेटवर्क नाही.) पाण्याच्या टाकीवर चढलो, ते गोल चक्र फिरताना पाहत माझा जप पूर्ण झाला, फाईल काही गेली नाही. मग एसटीने आर्वीला, कैलासच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. मामीची वायर लावली, तर फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटर ओळख दाखवत नाही. कैलास म्हणाला, "भाऊ, हे वायर खाऊ घालते, बोलत नाई." त्याने स्वतःची चांगली वायर लावली. तीही मुकी. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी स्टुलावरून उठलो नाही. शेवटी त्याने भोकात सुई घातली, तर आतून कापूस निघाला. (देवासाठी वाती वळताना फोन मांडीवरच असतो, त्याला मी काय करू?) "सरकी नाई निघाली हेच नशीब," कैलास म्हणाला. मग वायर नीट आत बसली आणि सगळा काकडा पेन ड्राइव्हमध्ये उतरला. तो कापूस मी फेकला नाही. त्याची वात वळून देवापुढे लावली.

पहाटे भोंगा सुरू झाला आणि लक्ष्मणराव काठी टेकत देवळात आले, डोळे मिटून बसले. वायरीतून नुसता करंट जात नाही, हे तुझ्या टिपणात पहिल्या ओळीत घाल.

तुझा,
ओमप्रकाशमामा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या अभंगानंतर भोंग्यातून माझाच आवाज आला, "लक्ष्मणराव आज बेसुरे लागून राह्यले." मागच्या वर्षी मी शेजारच्याच्या कानात बोललो होतो, यंदा साऱ्या गावाने ऐकलं. लक्ष्मणरावांनी डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "उद्यापासून तूच म्हन. मी आयकतो."

आणखी एक : आता चाली पाठ करणं आलं, आणि मामीला हे अजून ठाऊक नाही. तेव्हा चार्जिंगच्या भोकात बसणारा तारेचा हेडफोन आजच पाठव. तुझ्या कानातले ते बिनतारेचे पांढरे मणी नकोत. घरात कापूस येऊन पडणार आहे. त्यात एक हरवला, तर काकडा सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात सुरू होईल.