फ्रीझरचा प्लग

४ मे. सकाळी ९
आजपासून शिस्त. तुरीचं टरफल सैल करणारं आपलं जिवाणूचं एन्झाइम साठ अंशाला टिकवायचंच. मग अकोल्याच्या दालमिलवाल्यांना तुरीला तेल-पाणी लावून दिवसचे दिवस वाळवत बसायला नको. लॅबमधल्या मायाचे त्या जिवाणूचे दोनशे चौदा सुधारित वाण फ्रीझरमध्ये आहेत. माझे अकरा. पण नुसत्या आकड्यानं काय होतं?

८ मे, शुक्रवार. दुपार
अमरावती पंचेचाळीस अंश. माया चाचणीसाठी अकोल्याला. स्टोअरमधला कूलर ओढत आणला. प्लग पॉइंट एकच. फ्रीझरचा काढला, तासाभरासाठी. एन्झाइम टिकवायचं तर आधी माणूस टिकला पाहिजे.

११ मे, सोमवार
फ्रीझरखाली तळं. प्लग शुक्रवारपासून बाहेरच. मायाचं दोन वर्षांचं काम गेलं. ती स्टुलावर बसून एकेक कुपी उजेडात धरून बघत होती. एवढंच म्हणाली, "एकबी जित्ता नसन आता." आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, लाईट गेली असेल. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शिवाय माझेही अकरा गेले. उद्या ११ वाजता सांगतो.

१२ मे
मॅडम मीटिंगमध्ये. मीटिंग संपली तेव्हा मी कँटीनमध्ये. मायानं डबा पुढे केला. म्हणे, "तुयेबी गेले ना रे, खाय." घास उतरत नव्हता. दीड भाकर खाल्ली. स्वतःची किळस आली.

१३ मे
कबुलीपत्र. तीन खर्डे. तिसऱ्यात सगळा दोष वायरमनचा निघाला. फाडला.

१४ मे
अटेंडंट डोमाजीनं मॅडमना सांगितलं, कूलर त्यानंच लावला. त्याला मेमो. व्हरांड्यात गाठलं तर म्हणे, "कुलदीपभाऊ, तुमाले प्लग काढतानी पाह्यलं होतं मी. संध्याकाळी लावाचा मी बी इसरलो. मले चारच महिने राह्यले, तुमची त पीएचडी हाय." पेन्शन अडकली तर? उद्या सांगतो. नक्की.

१५ मे. सकाळी १०:१०
सांगितलं. सगळं, मायासमोर. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, डोमाजीला वाचवायला स्वतःवर घेतोस, मोठ्या मनाचा आहेस. पण मेमो कायम. मायाच्या डोळ्यांत पाणी. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. डोमाजीनंच आणला होता.
प्यालो.