सहाव्या चकतीची व्यवस्था

मी, सर्वेश गुरुदास कुबल, वय ३४, राहणार मालवण, धंदा संशोधन, हे लिहून ठेवतो. रक्ताच्या कर्करोगाने अंग पोखरले असले तरी डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आहे तो वेळेचा.

१. वडिलांमागे माझ्या नावे झालेले घर आणि अकरा माड आई सत्यवती हिला. चुलते दाजी यांनी माडांवर हक्क सांगू नये. वडील होडीसकट गेले त्या वर्षी ते आमच्या दारात फिरकलेही नव्हते.

२. पुण्याच्या प्रयोगशाळेत चार वर्षे खपून मी सिलिकॉनच्या सहा चंदेरी चकत्यांवर तांब्याच्या बारीक कड्यांची नक्षी उठवली. एकेक कडे केसाच्या जाडीचे. टेराहर्ट्‌झ किरण कपड्यातून, कागदातून आरपार जातात. माझी कडी त्यांतले हवे तेवढेच सोडतात. जाळ्याचे भोक बदलले की मासळी बदलते, तसेच हे. चकत्यांतून जाणारे किरण पुन्हा मोजल्याशिवाय निष्कर्ष मानणार नाही, असे आमच्या साहेबांनी कळवले. त्यांना मी क्षमा केलेली नाही. माझ्या आजारपणात त्या हरवतील या भीतीने मी त्या घरी आणल्या. ही चूक माझी.

३. चतुर्थीआधी देवाची तांब्याची भांडी कोकमाच्या आंबट सोलांनी घासताना आईने पाच चकत्याही घासल्या. "झिला, घासल्यार आतसून चांदी निघाली रे," म्हणत ती कौतुकाने दाखवायला आली. मी "बरां झाला" म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केले. सहावी वहीत होती म्हणून वाचली. आईला वाचून दाखवताना हे कलम गाळावे.

४. सहावी चकती आणि वह्या माझी सहकारी दिव्या हिला. ती मोजेल तेव्हाच माझे काम खरे की खोटे ते ठरेल. ती शुक्रवारी कुडाळला उतरते. डॉक्टर शुक्रवारचे काही बोलत नाहीत. मला मरायचे नाही. हे कोणत्याच कलमात बसत नाही, तरी लिहितो.

५. तोवर चकती सांभाळायला घरात दुसरे कोणी नाही, म्हणून आज ती आईच्याच हाती दिली. तिने ती कोऱ्या फडक्यात गुंडाळली आणि खाली बघत म्हणाली, "ह्येका मी पाण्याचो हात लावचंय नाय, झिला."

कलम ३ मधली शेवटची सूचना रद्द समजावी.

सही : सर्वेश गुरुदास कुबल

साक्षीदार : १. डॉ. किशोरी पराडकर २. बाबली तांडेल, शेजारी

मालवण, २ सप्टेंबर २००९