आठ पायांची चिप

दि. ४ जून

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा पुन्हा निघून गेली. मी आंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात. चौकातल्या शिंप्यानं ओळखलं म्हणून हाताला धरून घरी आणली. फोनवर तू बजावलंस, आता तिसऱ्यांदा असं झालं तर तिला सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं. मी हो म्हणालो, पण ते तोंडदेखलं होतं.

त्यापेक्षा मीच दाराला घंटा करतो. दार उघडलं की वाजली पाहिजे. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, एवढं नाही जमणार? फक्त चिप कुठली घ्यावी ते सांग. दुकानदारानं पंधरा प्रकार दाखवले, म्हणे प्रत्येकीत अख्खा कॉम्प्युटर आहे. अरे बाबा, मला कॉम्प्युटर नको, घंटा हवी!

आई तुझं नाव विचारते आणि लगेच विसरते. तब्येतीला जप.

तुझा बाबा

दि. ९ जून

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

वायफायवाली चिप मुळीच घेऊ नका, बॅटरी बकाबका खाते. सोबत एक पाठवलीय, तांदळाच्या दाण्याएवढी. दार बंद असेतोवर झोपते, उघडलं की जागी होते. एका सेलवर वर्ष काढेल. प्रोग्रॅम मी भरलाय, दुकानदारासाठी त्याची प्रतही ठेवलीय. चिप थेट बोर्डावर सोल्डर करा. सॉकेट नको, त्यातली चिप सहज निघते.

बाबा, मला दुष्ट समजू नका. इथे कारखान्यात विजेच्या मीटरांचे बोर्ड तपासताना फोन वाजला की हातातलं टाकून आधी तुमचा नंबर आहे का ते पाहते. रागावला असलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची खटपटी

दि. १९ जून

चि. खटपटीस आशीर्वाद.

तुझा दाणा चिमट्यातून उडाला, तो कुठे गेला देव जाणे. दोन तास गुडघ्यांवर शोधला. खरं सांगतो, हात थरथरतो माझा. तुला सांगायची लाज वाटली. मग त्याच जातीची, पण बोटांत धरता येईल अशी मोठी, आठ पायांची चिप आणली. दुकानदारानं प्रोग्रॅम भरून दिला, आणि मी ती सॉकेटात बसवली. चार दिवस घंटा झकास वाजली.

काल वाजलीच नाही. पाहतो तर सॉकेट रिकामं आणि आई गायब. तीन तास वेड्यासारखा फिरलो. शेवटी आपल्या जुन्या दुकानाच्या पायरीवर सापडली. तिथे आता चपला विकतात. मी शटर कधी ओढणार, म्हणून माझ्यावरच डाफरली.

चिप बिस्किटांच्या जुन्या डब्यात होती, काळ्या फोममध्ये खोचलेली. एकही पाय वाकलेला नाही. आठवतं ना? दुकान बंद करताना टेस्टबोर्डावरच्या चिपा ती रोज अशाच काढून ठेवायची.

चूक माझीच. तिसरी वेळ झाली आणि मी शब्द दिलाय. तू म्हणशील तसं. फक्त मला दोष देऊ नकोस, मी स्वतःला पुरेसा देतोय.

बाबा

दि. २३ जून

ती. बाबांना सा. न.

संस्थेचा फॉर्म आणून ठेवलाय. फाडलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण शनिवारी येते. भिंग आणि दाण्याएवढ्या दोन चिपा आणते, सोल्डर मी करीन. एक दाराला. दुसरी जुन्या सॉकेटावर लक्ष ठेवील; त्यात आठ पायांची चिप आईला काढायला तशीच राहू दे. तिनं आठ पायांची चिप काढली की घंटा वाजेल, म्हणजे ती पायात चपला घालायच्या आत तुम्हाला कळेल.

तेव्हा तिला अडवू नका. तुम्हीही चपला घाला आणि तिच्याबरोबर शटर ओढायला जा. ज्या दिवशी ती चिप काढायचं विसरेल, त्या दिवशी फॉर्मचं बघू. आईला माझं नाव सांगत राहा.

तुमचीच

दि. २ डिसेंबर

चि. खटपटीस आशीर्वाद.

पाच महिने रोज संध्याकाळी घंटा वाजली की आम्ही त्या पायरीपर्यंत जाऊन येत होतो. चपलावाला पुढेपुढे दोन स्टुलं बाहेर काढून ठेवायचा. मला वाटायचं, असंच चालू राहावं.

नऊ दिवस झाले, सॉकेटाची घंटा वाजलेली नाही. आधी वाटलं सेल संपला. मी स्वतः चिप काढून पाहिली, लगेच वाजली. तुझं काम चोख आहे गं. काल डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिनं फोम उचलून खाली बिस्किट शोधलं.

आम्हा दोघांवर तुझी माया असू दे. येताना फॉर्म आण, आणि तिच्यासाठी बिस्किटं.

बाबा