रविवार धरत नाहीत

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख. संध्याकाळी प्रार्थना गट आमच्याच फ्लॅटवर. ईस्टरपर्यंत काय सोडणार, हे ज्याने त्याने देवाला मनात सांगायचं असतं. पण मंजुळाबाईंनी चहा सोडल्याचं जाहीर केलं. (घरी कॉफी पितात.) मग मला राहवेना. म्हटलं, मी घरात कुणालाही टोचून बोलणं सोडते. फादर सायमन खूश. 'आमेन' फक्त सुनेने म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने.

यंदा पवित्रतेत प्रगती करायचीच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, या मुलीत संताचं मटेरियल आहे, फक्त तोंड आवरलं पाहिजे. पुढे रिटायर होईपर्यंत कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर बसले. आवरायला वेळच मिळाला नाही.

६ मार्च
डाळ खारट. बोलले नाही. वाटी फक्त वीतभर लांब सरकवली. सरकवणं बोलण्यात येत नाही. जयदीपने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चाकणची कंपनी बस यायला अर्धा तास असताना डांगे चौकात जाऊन उभा राहिला.

८ मार्च
पडदे. पोळ्यांचा आकार. जयदीपचं पोट. विषय साठत चाललेत, घशाशी येतात. पण उद्या रविवार. सिस्टरांनी पक्कं शिकवलंय, उपवासकाळात रविवार धरत नाहीत. धरले तर चाळीस दिवसांचे शेहेचाळीस होतात.

९ मार्च, रविवार
चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर सगळे विषय घेतले. डाळीपासून, क्रमाने. जेवणाआधी उरकले. फार मोकळं वाटलं.

सुनेने, दिव्याने, फादरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. फादर म्हणाले, 'बाई, रविवारची सूट मटणाला आहे, जिभेला नाही.'

हल्लीच्या फादरांचा अभ्यास कमी.

१४ मार्च
कोंडी झाली आहे. स्वतःच्या घरात तोंडाला कुलूप, आणि किल्ली सुनेकडे. नुसता श्वास जोरात घेतला तरी विचारते, 'आई, काही म्हणालात?'

मंजुळाबाईंचा रोज फोन. 'जमतंय का हो?' त्या घरातल्या नाहीत, म्हणजे वचन लागू नाही. आज त्यांच्याशी मनसोक्त बोलले.

१९ मार्च
मंजुळाबाईंचा फोन येत नाही. माझी प्रगती बघवत नसेल.

२३ मार्च, रविवार
जयदीप आणि दिव्या हल्ली हळू बोलतात. मी आले की थांबतात. माझ्या मौनाचा घरावर परिणाम होतोय. माळ्यावर रिकामे खोके आलेत. ईस्टरची साफसफाई असणार. इतक्या आधी दिव्या कधी हलत नाही. हाही माझाच प्रभाव.

२ एप्रिल
दिव्या गाते. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीवर. लग्नाला आठ वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. दुसऱ्या ओळीला सूर घसरतो. सांगितलं नाही.

मग मेथी निवडायला माझ्याजवळ बसली आणि बोलत राहिली. मला मध्ये तोंड घालता येत नाही, त्यामुळे गोष्ट शेवटपर्यंत गेली. तिच्या आईचं डायलिसिस दिवाळीपासून चालू आहे. मला कुणी सांगितलंच नाही. किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी बोलत असेन.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
जयदीप अंघोळीला. त्याचा फोन वाजला. वाजणारा फोन सोडणं मला जमत नाही, बोर्डची सवय. कुणी पिंटू एजंट. मी काही म्हणायच्या आत सुरू झाला. 'सर, चाकणचा वन बीएचके फायनल करू ना? दोघंच राहणार म्हणाला होतात.'

म्हणजे ते खोके.

दोघं चाकणला. मी थेरगावात, चौथ्या मजल्यावर, गुडघे धरून. मंजुळाबाईसुद्धा फोन करत नाहीत.

बोलले तर जातील. नाही बोलले तरी जाणारच आहेत. मग बोलून तरी घ्यावं. पण वचनाला अख्खा गट साक्षीला आहे. ईस्टरच्या सकाळी सुटका. भाषण तयार करायला घेतलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
भाषण पाठ झालं. सुरुवात जयदीपच्या टायफॉइडपासून, शेवट 'खुशाल जा'. चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चौदाही ठिकाणी तेच घोकलं. प्रभूच्या 'त्यांना क्षमा कर' ला एक चांगलं वाक्य सुचलं, तेही घातलं.

२० एप्रिल, ईस्टर
मिस्सेहून येऊन सोफ्यावर मधोमध बसले. तोंड उघडलं, तेवढ्यात दिव्या शेजारी टेकली. म्हणाली, 'आई, रागावू नका. आम्ही चाकणला वेगळं राहायला जाणार होतो. काल एजंटला नाही म्हणून सांगितलं. आता घरी यावंसं वाटतं हो. तुम्ही किती बदललात.' आणि रडायलाच लागली. माझा हात धरून.

जयदीप म्हणाला, 'आई, आता असंच चालू दे.' आणि खोके घेऊन भंगारवाल्याकडे निघाला.

मी तोंड मिटलं.

प्रभू चाळीस दिवसांनी अरण्यातून बाहेर आला. माझं काही लक्षण दिसत नाही.

दुपारी मटण खारट. आज रविवार, शिवाय ईस्टर. दोनदा वाढून घेतलं.